गोड्या पाण्याचा शेजार

हर्णे म्हटले की पाहुणा दोनच गोष्टी विचारतो: सुवर्णदुर्गाला होडी कितीला आणि मासळीचा लिलाव किती वाजता. या दोन्हींची उत्तरे आपल्यापैकी कोणीही झोपेतून उठून देईल. तिसरा प्रश्न मात्र पाहुणा विचारत नाही, आणि आपणही शाळेत असताना तो कधी कुणाला विचारला नाही. समोर खारा समुद्र, उत्तरेला जोग नदीची खाडी, पाठीशी उन्हाळ्यात भाजून निघणारा जांभ्याचा सडा. अशा जागी माणसे शेकडो वर्षे राहिली ती कोणते पाणी पिऊन? संपादक मंडळाने ‘आपल्या परिसराचा इतिहास’ असा विषय दिला तेव्हा लढायांऐवजी हा प्रश्न घ्यावा असे मला वाटले. नोकरीची सगळी वर्षे मी नगररचनेच्या नकाशांवर काढली, त्यामुळे किल्ला पाहतानाही माझी नजर आधी टाक्याकडे आणि गटाराकडे जाते. हा दोष समजून वाचकांनी सांभाळून घ्यावे. (नाव कुणी हर्णे लिहितो, कुणी हर्णै. बोलताना आपण सगळे हर्णैच म्हणतो; लिहिताना मी हर्णे ठेवले आहे.)

लढायांचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो सर्वांना पाठ आहे. सुवर्णदुर्ग बेटावर, आणि त्याच्या समोर जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तिघे. शिवकाळात सुवर्णदुर्ग मराठ्यांच्या आरमाराचे ठाणे झाला, पुढे आंग्र्यांच्या हाती आला. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले तेव्हा पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांना सोबत घेतले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तोफा डागल्या, किल्ल्यातले दारूकोठार पेटले आणि किल्ला पडला. या जेम्सच्या विधवेने लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ एक बुरूज बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आपल्याच सुवर्णदुर्गाचा अपभ्रंश. तो आजही उभा आहे. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले तेव्हा दुसरे बाजीराव पळत सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आले आणि इथूनच पुढे वसईला जाऊन ३१ डिसेंबर रोजी त्यांनी तो प्रसिद्ध तह केला. १८१८ मध्ये सारेच संपले.

आता या चार किल्ल्यांकडे पाण्याच्या बाजूने पाहा. सुवर्णदुर्गाची तटबंदी काही ठिकाणी बेटाचाच कातळ तासून काढलेली आहे आणि त्यावर चिरेबंदी चढवली आहे. दगड फोडायचा तो जिथे बांधायचे तिथेच, आणि फोडून झालेल्या खड्ड्याचे टाके करायचे, ही मराठी किल्ल्यांची जुनी रीत. एका कामात दोन कामे. चहूकडे खारे पाणी असताना आतल्या टाक्यात पावसाचे गोडे पाणी साठते. कनकदुर्गावरही पाण्याची टाकी आहेत. तिथल्या दीपगृहाकडे जाताना आपण त्यांच्या बाजूने किती वेळा धावलो असू, पण ती कशासाठी हे कुणी सांगितले नाही. किल्ला हा आधी पाण्याचा हिशेब असतो. किती माणसे, किती महिने, किती घागरी, हे जमल्यावर मग तोफा. फत्तेगडावर आज पूर्ण कोळीवस्ती आहे.

पण किल्ला म्हणजे गाव नव्हे. गावाला पाणी साठवून भागत नाही, ते रोज नव्याने मिळावे लागते. हे कोडे कसे सोडवले ते पाहायचे तर हर्ण्याहून दक्षिणेला मुरुडला जावे लागते.

मुरुडबद्दल आपल्याला एक दुर्मीळ भाग्य लाभले आहे. कोकणातली बहुतेक गावे कशी वसली ते कुणालाच ठाऊक नसते, मुरुडचे मात्र लिहून ठेवलेले आहे. गाव वसवल्याची हकीकत सांगणारा एक जुना कागद गावात होता. त्यावर मुरुडचेच सुपुत्र रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) यांनी १८६० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात इंग्रजीत निबंध लिहिला. मंडलिक हे मोठे कायदेपंडित, हिंदू धर्मशास्त्रावरचे त्यांचे ग्रंथ न्यायालयांत वापरले जात. अशा माणसाला आपल्या गावचा कागद विद्वानांपुढे ठेवण्याजोगा वाटला, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पदव्यांहून मोठी वाटते. परंपरा अशी की गंगाधरभट्ट नावाच्या सत्पुरुषाने पुढाकार घेऊन किनाऱ्यालगतचे रान साफ करवले, जमीन आखून दिली, घराण्यांना जागा वाटून दिल्या आणि दुर्गादेवीची स्थापना झाली. म्हणजे मुरुड हळूहळू वाढत गेलेले गाव नव्हे. ते आधी मनात आणि मग जमिनीवर काढलेले आहे.

आजही मुरुडच्या रस्त्यावर उभे राहिले की ते कळते. किनाऱ्याला समांतर धावणारा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्याआड घर, घरामागे नारळी-पोफळीचे आगर. रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. बाहेरगावचा मनुष्य हळहळतो की एवढा सुंदर समुद्र आणि घराची तोंडे रस्त्याकडे! माझ्या दृष्टीने त्या गावाचे सगळे शहाणपण या न दिसण्यात आहे. समुद्राच्या लगत वाळूची वरवंडी, तिच्यावर मर्यादावेल आणि केवडा. तिच्या मागे झाडांचा पडदा. त्याच्या मागे आगर, मग घर, मग रस्ता. रस्त्यापलीकडे पुन्हा घरे, आगरे, आणि डोंगराच्या पायथ्याला भाताचे मळे. समुद्र आणि चूल यांच्यामध्ये इतके थर.

१९६९ मध्ये इयान मॅकहार्ग या भूदृश्य-रचनाकाराचे ‘डिझाइन विथ नेचर’ हे पुस्तक अमेरिकेत निघाले. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना ते अजून वाचायला लावतात. त्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्याचे प्रकरण आहे. मार्च १९६२ च्या वादळात तिथली किनाऱ्यावरची शेकडो घरे गेली. मॅकहार्गने दाखवून दिले की वाळूची पहिली टेकडी ही बांधण्याची जागाच नव्हे, तिच्यावरचे गवत पायाने तुडवले तरी ती मरते. घर बांधायचे ते टेकड्यांच्या मागे. मी ते पुस्तक वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुरुडचा रस्ता आला. मॅकहार्गचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. पण आपल्याकडे हे ज्ञान पुस्तकात नव्हते म्हणून ते ज्ञानच नव्हते असे जे आपण धरून चाललो, ते चुकीचे होते.

या थरांचा खरा उपयोग मात्र जमिनीखाली आहे, आणि इथे जरा थांबायला हवे.

किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीला गोडे पाणी कसे लागते? लहानपणी मला सांगितले गेले होते की ती देवीची कृपा. कृपा आहेच, तिची रीत अशी. दापोलीच्या पट्ट्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाळू तो गिळते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून वाळूत उतरलेले पावसाचे पाणी खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. ताकावर लोणी तरंगते तसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन घायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मनाने याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असू शकते. आपल्याकडे वाळूखाली लवकर कातळ लागतो, त्यामुळे चाळीस फुटांची ऐट नाही. तरी तत्त्व तेच. आणि तोच हिशेब उलटाही चालतो. वरून एक फूट पाणी उपसले तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर यायला बघते. वरचा थर म्हणजे नुसते पाणी नव्हे, खाऱ्याला दाबून ठेवणारे वजन आहे.

आता रहाट आठवा. तिशीच्या आतल्या माजी विद्यार्थ्यांनी तो चित्रातच पाहिला असेल, म्हणून सांगतो. विहिरीवर लाकडी चाक, त्यावरून विहिरीत सोडलेली माळ, माळेला बांधलेले मातीचे लोटे. रेडा नाहीतर बैल गोल फिरे, एकेक लोटा भरून वर येई आणि पन्हळीत रिकामा होई. पन्हळीतून पाणी दोणीत, दोणीतून पाटात, पाटातून एकेका झाडाच्या आळ्यात. त्याची कुरकुर पहाटे अंथरुणात ऐकू यायची. विहीर उथळ, लोटा लहान, रेड्याला दमायला वेळ लागत नसे. पाणी निघायचे ते वरच्या थरातले, सावकाश, आणि रेडा विश्रांती घेई तेवढ्यात बाजूच्या वाळूतून विहीर भरून येई. आळ्यात ओतलेल्या पाण्यातले झाडाने प्यायले नाही ते पुन्हा वाळूत आणि तिथून पुन्हा त्याच विहिरीत. आपल्या पूर्वजांना घायबेनचे सूत्र माहीत नव्हते. पण त्यांच्या यंत्राला सूत्र मोडण्याची ताकदच नव्हती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्यांना आपल्यापेक्षा जास्त सद्गुणी ठरवण्याची गरज नाही. त्यांच्याकडे रेडा होता, आपल्याकडे पंप आहे.

आगराची रचनाही याच पाण्याभोवती. वर माड, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीवर मिरीचा नाहीतर पानाचा वेल, खाली केळी, मधेच जायफळ. उन्हाचा एकही थेंब फुकट जात नाही आणि जमीन उघडी राहत नाही, म्हणून ओल टिकते. न्हाणीचे पाणी गटारात नव्हे, केळी आणि अळूकडे जायचे. आमच्या घरी न्हाणीमागच्या अळवाला हात लावलेला आजीला खपत नसे. ते पाणी गाळण्यासाठी होते, फतफत्याचे अळू दुसरे. आज शहरात अशा गोष्टींसाठी सल्लागार नेमतात आणि त्याला ‘सांडपाण्याचा पुनर्वापर’ म्हणतात.

मुरुडची गोष्ट सपाटीची झाली. आसूदची डोंगराची. दापोलीहून हर्ण्याला येताना एसटी आसूदच्या उतारावर लागली की उन्हाळ्यातही एकदम गारवा येतो, तो त्या बागेचा. तिथे रहाटाची गरज पडली नाही. डोंगरातून येणारे पाणी वर अडवायचे आणि उताराच्या बळावर पाटाने बागांतून फिरवायचे. केशवराजाच्या देवळात तर हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसते: वरच्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीतून येऊन गोमुखातून पडते आणि तसेच पुढे खाली निघून जाते. देव पाणी अडवून धरत नाही, त्याच्याकडून ते फक्त पुढे जाते. श्री. ना. पेंडसे याच मुलखातले, मुर्डीचे. त्यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) ज्यांनी वाचली असेल त्यांना ती बाग, तो ओलावा, त्या पोफळी वेगळ्या सांगायला नकोत.

पाट म्हटला की पाळी आली, आणि पाळी आली की भांडण आले. ज्यांना जुने गाव म्हणजे नुसता सलोखा वाटतो त्यांनी पाटावरची भांडणे ऐकायला हवी होती. पण भांडायला का होईना, वरच्या आणि खालच्या बागवाल्याला एकमेकांच्या दारात यावे लागे. पावसाने पाट बुजला की तो उपसायला सगळ्यांनी यायचे. जो येणार नाही त्याच्या बागेचे पाणी कोण पाहणार? पाणी एकाच्या मालकीचे नव्हते, म्हणून निगा सगळ्यांची होती. नळ आला तसे हे नाते सुटले. नळाबद्दल माझी तक्रार नाही. डोक्यावर हंडा घेऊन पाखाडी चढणाऱ्या बायकांना नळ काय होता ते त्यांनाच विचारावे. फक्त नळासोबत विहीर सांभाळायचे कारण गेले, हेही खरे.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मुरुडचा रस्ता सुंदर होता, पण ती आखणी सर्वांसाठी नव्हती. कोणाच्या विहिरीवर कोणी यायचे आणि कोणी लांब उभे राहायचे, हेही त्याच आखणीत होते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्हे शेजारी, आणि महाडचे चवदार तळे आपल्यापासून फार लांब नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांना तिथे ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मुरुडच्याच धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले, आणि वाळीत टाकणे म्हणजे काय तर आग, पाणी आणि पंगत बंद. जुन्या पाण्याची वाखाणणी करताना हे विसरले की इतिहासाची जाहिरात होते.

आता आपले हर्णे. हर्णे मुरुडसारखे कुणी आखले नाही. ते बंदर आहे, आणि बंदर गरजेप्रमाणे वाढते. कोळी, भंडारी, मुसलमान, ब्राह्मण, कुणबी, प्रत्येकाच्या आळ्या, मधून वाकड्यातिकड्या पाखाड्या, बाजूला पाजपंढरीची दाट कोळीवस्ती. एकेकाळी मुंबईची आगबोट इथे थांबे. मुरुड-आसूद-अंजर्ल्याची माणसे पडावात बसून आगबोटीला लागत. या गर्दीच्या गावातली सगळ्यांत मोठी रचना कुणीच बांधलेली नाही: ती म्हणजे पुळण. सकाळ-संध्याकाळ होड्या नांगरतात, गुडघाभर पाण्यात बैलगाड्या जातात, मासळीच्या टोपल्या वाळूवर उतरतात, लिलाव होतो, आणि तासाभरात भरती येऊन जागा धुऊन नेते. भाडे नाही, छप्पर नाही, झाडूवाला नाही. जगातल्या अनेक शहरांत ‘सार्वजनिक जागा कशी असावी’ यावरची भाषणे मी ऐकली आहेत. दिवसातून दोनदा स्वतःला धुणारा बाजार मात्र एकाही भाषणात आला नाही.

पण त्या भरतीला मासळीचे पाणी धुता येत होते. थर्माकोल, तुटलेली जाळी आणि डिझेल तिला धुता येत नाही. बोटी मोठ्या झाल्या, मासळी बर्फात घालून दूरवर जाऊ लागली. आणि इथे पुन्हा गोड्या पाण्याशी गाठ पडते: मासळीला बर्फ लागतो, बर्फाला गोडे पाणी लागते. एप्रिल-मे मध्ये जेव्हा हंगामाचे शेवटचे दिवस, मुंबईकरांची गर्दी आणि विहिरींचा तळ हे तिन्ही एकत्र येतात तेव्हा गावाची घागर आणि बंदराचा बर्फ एकाच पाण्यावर हात घालतात. खेम धरणाचे पाणी गावाला मिळाले ही मोठी सोय झाली, पण लहान धरणाचा शत्रू गाळ असतो, आणि गाळ वरच्या सड्यावरून येतो. सड्यावर गुरे आणि वणवे, खाली धरणात माती. नकाशावर धरण आणि सडा यांच्यात काही अंतर दिसते. पाण्याच्या दृष्टीने ती एकच जागा आहे.

बंदराला पक्की जेटी हवी ही मागणी आपल्या लहानपणापासूनची, आणि ती रास्त आहे. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या घेऊन अंजर्ल्याच्या खाडीत पळायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना ‘पुळण किती सुंदर’ हे सांगायला मी जाणार नाही. एवढेच म्हणेन की जेटी बांधताना वाळू कुठून कुठे वाहते हे आधी मोजायला हवे. किनाऱ्यावर एका ठिकाणी भिंत घातली की वाळू एका बाजूला साठते आणि दुसऱ्या बाजूची निघून जाते. मग तिकडे धूपप्रतिबंधक बंधारा, मग त्याच्या टोकाला पुन्हा धूप. कोकणातल्या किती किनाऱ्यांवर हे काळे दगड आपण पाहतो.

फेब्रुवारी १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, असा तिचा गाभा. म्हणजे गंगाधरभट्टांच्या आखणीत जे होते तेच दिल्लीने पुन्हा सांगितले. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी ही मर्यादा पन्नास मीटरवर आणली. विरळ वस्तीसाठी दोनशे कायम आहे. या नियमांनी स्वतःच्या जागेत शौचालय बांधू पाहणारा कोळी अडतो आणि मोठे बांधकाम मात्र कसे कोण जाणे उभे राहते, ही लोकांची तक्रार खोटी नाही. तरीही मी नियमाच्या बाजूचा आहे. वरवंडी सपाट करून, केवडा काढून, समुद्र दिसावा म्हणून पुढे सरकवलेली प्रत्येक इमारत मागच्या दहा आगरांची ढाल काढून घेते. आणि तिच्या आवारातला पंप रात्रभर चालतो. रेड्याला रात्री झोप लागत असे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. टाळेबंदीमुळे आपल्यापैकी बरेच जण गावी येऊ शकले नाहीत, फोन लागत नव्हते, आणि दोन-तीन दिवसांनी पहिली छायाचित्रे आली तेव्हा गाव ओळखता येईना. मुरुड, आसूद, अंजर्ले, केळशी, हर्णे, सगळीकडे माड आणि पोफळी आडव्या. माड वाऱ्यात वाकतो, तोल सांभाळतो. पोफळीचे खोड सडसडीत, ती एकमेकींच्या आधाराने उभी असते. एक पडली की दुसरी उघडी पडते. पोफळ नव्याने लावून पीक घ्यायला सहा-सात वर्षे, माडाला तशीच. साठीच्या माणसाने ती लावायची कुणासाठी, हा प्रश्न त्या वर्षी घरोघर विचारला गेला. काहींनी लावली. काहींनी जागा विकली. सावली गेल्यावर आगराची ओल गेली, ओल गेल्यावर जास्त पाणी द्यावे लागले, जास्त पाण्यासाठी पंप जास्त वेळ चालला. आमच्या विहिरीचे पाणी त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात प्रथम मचूळ लागले. चहात कळते आधी, दूध नासते.

असे बिघडलेले पाणी परत येते का? येते, पण एका पावसात नाही. छत्रपती संभाजीनगरात खाम नावाची नदी आहे. तिच्याच काठी मलिक अंबरच्या काळापासूनच्या नहरींची परंपरा आणि पाणचक्की. शहराने त्या नदीचा नाला करून टाकला होता. २०२१ च्या सुमारास महापालिका, एक स्थानिक संस्था आणि नागरिक यांनी मिळून तिची सफाई, काठांची दुरुस्ती, झाडे आणि बसायच्या जागा असे काम हाती घेतले. जागतिक पातळीवरच्या एका शहर-पुरस्काराच्या अंतिम यादीत ते पोचले. मला त्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. त्यांनी आधी कचरा अडवला, नंतर बाग केली. आपल्याकडे उलटे होते: आधी प्रवेशद्वार आणि सेल्फीची पाटी, गटार तसेच. आपल्या परिसरात वेळासला २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे जे काम सुरू झाले आणि मग इतर किनाऱ्यांवर पसरले, तेही असेच खालून वर आले. कासवाला अंधार, मोकळी वाळू आणि केवड्याआडची शांतता लागते. म्हणजे मुरुडच्या जुन्या आखणीला जे लागत होते तेच.

आता शेवटचा ऐतिहासिक दाखला, आणि तो या मेळाव्यासाठी मुद्दाम राखून ठेवला होता. १८८६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला. तेव्हा ते भारतरत्न नव्हते, अण्णाही नव्हते. अठ्ठावीस वर्षांचे, मुंबईत शिकवण्या करून पोट भरणारे गृहस्थ होते. कल्पना साधी: पोटासाठी गाव सोडलेल्यांनी आपल्या मिळकतीतला लहानसा हिस्सा गावाच्या कामासाठी नियमित द्यायचा. एकदाची देणगी आणि फलकावर नाव असा तो प्रकार नव्हता. ज्या माणसांनी कर्व्यांना सात वर्षांनी वाळीत टाकले त्यांच्याच गावासाठी तो फंड होता, हेही ध्यानात घ्यावे.

मेळाव्याच्या वर्गणीतून काही रक्कम उरेल असे चिटणीस सांगतात, आणि कमान बांधावी अशी एक सूचना पुढे आली आहे. माझी सूचना वेगळी आहे आणि ती कमानीहून स्वस्त पडेल. हर्णे, पाजपंढरी आणि मुरुड या भागातल्या जुन्या विहिरींची शाळेतल्या मुलांकडून नोंद करावी: जागा, खोली, मालक, वापरात आहे की बुजली. पाण्याचा खारेपणा मोजणारे हातात मावणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते, तशी दोन घ्यावीत. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आणि मेच्या मध्यावर, असे दोनदा प्रत्येक विहिरीचे पाणी आणि पातळी मोजून एका वहीत लिहावी. ती वही प्रयोगशाळेच्या कपाटात राहील आणि प्रत्येक नववीचा वर्ग ती पुढच्याला देईल. पहिली पाच वर्षे तिचा काही उपयोग दिसणार नाही. सहाव्या वर्षी जेव्हा कुणी किनाऱ्यावर नवीन कूपनलिका मारू पाहील, किंवा जेटीचा आराखडा गावापुढे येईल, तेव्हा ग्रामसभेत दाखवायला आपल्याकडे आकडे असतील. यंत्रांचा खर्च मी उचलतो. विहिरी ओळखायला मात्र जुनी माणसे हवीत. ज्यांना आपल्या आळीतल्या बुजलेल्या बावी आठवतात त्यांनी मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सातवीच्या वर्गात यावे. मी गावाचा नकाशा भिंतीवर लावून ठेवणार आहे.